सेवियातली तोड

सकाळी साडेआठला आईने फ्रीज रिकामा करायला घेतला. अर्धा पाव, चार टोमॅटो, दह्याचे दोन डबे आणि वरुडहून आणलेल्या बाटलीत तळाशी उरलेला बोटभर ठेचा. तो ठेचा पावाला लावून तिने एकेक तुकडा सगळ्यांच्या हातात दिला, टोमॅटो चिरून मीठ लावून संपवले आणि दह्याचे डबे छातीशी धरून जाहीर केलं, "हे काई टाकाचं नाई." भाड्याचं घर अकराच्या आत सोडायचं होतं. माद्रिदची गाडी संध्याकाळी पावणेसहाची. मधले सात तास, सहा बॅगा, पाच माणसं आणि दह्याचे दोन डबे.

२८ डिसेंबर. स्पेनमधला आठवा आणि सेवियातला चौथा दिवस. बायकोच्या वहीत अजून पाच ठिकाणांपुढे बरोबरची खूण व्हायची होती. लेकीला झोप हवी होती. माझ्या हातात बॅगा तोलायचा काटा होता आणि एक बॅग काही केल्या तेवीस किलोच्या खाली येत नव्हती. त्रियाना या इथल्या वस्तीतून घेतलेल्या फरश्यांवरून बोलणं सुरू झालं आणि बघता बघता लग्नानंतरच्या पहिल्या गोवा सहलीत कोणी काय विसरलं होतं तिथवर पोचलं. घरोघरी शेवटच्या सकाळी हेच होत असावं, निदान आमच्याकडे दरवेळी होतं.

बाबा या सगळ्यापासून लांब, गॅलरीत उभे होते. पांढरा सदरा, त्यावर मी घेऊन दिलेलं आणि त्यांना अजिबात न आवडलेलं जाकीट, डोक्याला मफलर. खाली गल्लीत संत्र्याचं झाड होतं. गल्लीतच काय, या अख्ख्या गावात रस्त्याच्या कडेला दुसरं झाड शोधावं लागतं. चाळीस हजारांच्या वर संत्र्याची झाडं आहेत सेवियाच्या रस्त्यांवर आणि डिसेंबरात ती सगळी एकदम केशरी झालेली असतात. आम्ही चार दिवस त्यांच्याखालून चाललो, फोटोत त्यांना मागे घेतलं. बाबांनी मात्र त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. वरुडच्या माणसाने संत्र्याच्या झाडाबद्दल काही बोलू नये हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण मी तिकिटांच्या वेळा सांभाळत होतो.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आजोबांनी लावलेला, बाबांनी दोनदा नव्याने उभा केलेला. डिसेंबरच्या शेवटाला ते यायला तयार झाले याचं एकच कारण. आंबिया, म्हणजे जानेवारीत फुलणाऱ्या बहाराची तोड झालेली होती, यंदा मृग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचा बहार धरला नव्हता आणि पुढच्या आंबियासाठी बगीचा ताणावर सोडलेला होता. बगीचा नसणाऱ्यांसाठी सांगतो, संत्र्याला फुलावर आणायचं तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात, बघवत नाही. मग जानेवारीत पाणी दिलं की झाड घाबरल्यासारखं फुलतं. म्हणजे वर्षातले हे एवढेच दिवस असे, की ज्यांत बाबांनी बगीच्यात काहीही न करणं हेच काम असतं. ते काम त्यांना जमत नाही. म्हणून आई म्हणाली, याले घेऊन जा बाप्पा कुठं लांब, नाईतर रात्री उठून मोटर चालू करन हा मानूस.

तर आम्ही त्यांना लांब आणलं. आणि ते आमच्या मागे मागे फिरले. राजवाडा पाहिला, त्यातली चुन्यातली नक्षी पाहिली. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तो प्रचंड अर्धगोल चौक, प्लासा दे एस्पान्या, तिथे स्पेनच्या एकेका प्रांताच्या नावाचा रंगीत फरश्यांचा बाक आहे. तिथल्या एका बाकावर बसून त्यांनी विचारलं, "इतकं मोठं बांधलं, अन् राहते कोन इथं?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला.

एकाच गोष्टीवर ते मनापासून चिडले होते. सहलीच्या पाचव्या दिवशी, सेवियात पोचलो त्याच दिवशी, त्यांची तंबाखूची पुडी संपली. आता सेविया म्हणजे तंबाखूचं युरोपातलं जुनं ठाणं. अठराव्या शतकात बांधलेला इथला सरकारी तंबाखूचा कारखाना एवढा अवाढव्य, की आज त्यात विद्यापीठ भरतं. आम्ही त्याच्या दारातून गेलो, मी बाबांना सांगितलं की आपला तंबाखू हा शब्दसुद्धा याच लोकांच्या तोंडून फिरत फिरत आपल्याकडे आला. "अस्सं," ते म्हणाले, "मंग एक पुडी मांग ना त्याइले." सगळं गाव पालथं घातलं. सिगारेटी होत्या, सिगार होते, हातावर मळायची तंबाखू मिळाली नाही. चुना तर नाहीच. त्या दिवसापासून बाबा सेवियावर थोडे नाराज होते.

नाही म्हणायला त्यांची कळी एकदाच खुलली होती, आणि ती आमच्या लक्षात यायला हवी होती. सेवियातल्या दुसऱ्या दिवशी आम्ही कॅथीड्रलमध्ये गेलो. तिथला हिराल्दा हा मनोरा मुळात मशिदीचा मिनार, बाराव्या शतकाच्या अखेरीला पुरा झालेला. चर्चवाल्यांनी सोळाव्या शतकात त्याच्या डोक्यावर घंटाघर चढवलं, पण खालचं बांधकाम तसंच ठेवलं. वर जायला जिना नाही, एकावर एक असे पस्तीस उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तसं केलं म्हणतात. घोड्याचं सोडा, त्यामुळे आमच्या आईचे गुडघे शंभर मीटरच्या मनोऱ्यात घंटांपर्यंत पोचले. अगदी टोकाला थोड्या पायऱ्या आहेत, त्या तिने बसून-उठून काढल्या. वर गेल्यावर गाव बघायच्या आधी तिने वरुडला फोन लावून मावशीला घंटा ऐकवली.

बाबा वर आलेच नाहीत. तासाभराने आम्ही उतरलो तर ते जुन्या मशिदीच्या अंगणात होते, संत्र्यांच्या अंगणात. तिथे संत्र्याची झाडं शिस्तीत रांगांनी लावलेली आहेत आणि सगळी जमीन विटांची आहे. लोक माना वर करून मनोरा बघत होते. बाबा खाली मान घालून एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत पाय जुळवून चालत होते. मला बघताच त्यांनी हाताने बोलावलं.

"हे पाय."

विटांच्या फरशीत चार-सहा बोटं रुंदीचे पाट कोरलेले होते. मुख्य पाट, त्याला फुटलेले उपपाट, प्रत्येक झाडाभोवती आळं. एका आळ्यातून निघून दुसऱ्यात जाणारं पाणी, मध्ये दगडाने अडवायची जागा.

"उतार पायला? इकडून तिकडं. हा मेन पाट. इथं बारं मोडाचं, अन् इकडे वळवाचं." त्यांनी चपलेच्या टोकाने हवेत मातीचा गोळा ढकलल्यासारखं केलं. "हे कोन्यातरी शेतकऱ्यानं केलं."

मी त्यांना सांगितलं की पाणी खेळवायची ही विद्या इकडे अरबांनी आणली आणि पाटाला इथे जो शब्द आहे, असेकिया, तोही अरबीच. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता ठिबक असन." आणि आम्ही सगळे हसलो आणि पुढचं तिकीट साडेबाराचं होतं म्हणून निघालो. एवढंच.

तर २८ तारीख. बॅगा सामान ठेवायच्या कपाटांत कोंबल्या, दह्याचे डबे आईच्या पिशवीत राहिले आणि कोण कुठे जाणार यावर रस्त्यात उभ्याने मतदान झालं. बायको आणि लेक वहीतली दोन ठिकाणं करून जेवायला भेटणार. आई, बाबा आणि मी सांता पाउलाच्या मठात जाणार, कारण तिथल्या जोगतिणी मुरंबे करून विकतात असं मी वाचलं होतं आणि आईला एखादी तरी वस्तू अशी न्यायची होती जी दुकानातली नाही. हा मठ पंधराव्या शतकातला. दार लहानसं, आत गेलं की गावाचा आवाज कापून टाकल्यासारखा थांबतो. कडू संत्र्याच्या मुरंब्याची बरणी घेतली. आईने ती उन्हात धरून बघितली, सालीचे काप मोजल्यासारखे न्याहाळले आणि पाक एकतारी आहे की दोनतारी यावर मत दिलं.

बरणीवरच्या चिठ्ठीत जिन्नस लिहिले होते. नारांखा आणि असुकार. मी आईला वाचून दाखवले आणि माझं मलाच हसू आलं. नारंग हा आपला शब्द. तो इराणात गेला, नारंग म्हणूनच. अरबांनी त्याचं नारंज केलं आणि झाडासकट इथे आणला, स्पॅनिश जिभेने ज चा घशातला ख केला, नारांखा. असुकारचंही तेच. शर्करा, शक्कर, सुक्कर, असुकार. म्हणजे बरणीत होतं नारिंग आणि साखर, बाकी काही नाही. "तं मंग मराठीत लिवाले काय झालं होतं," आई म्हणाली.

मठातून निघून दोन गल्ल्या चाललो असू, तेवढ्यात बाबा थांबले.

लहानसा चौक होता. कडेला नगरपालिकेची गाडी, दोन शिड्या, आणि पिवळ्या जाकिटातले पाच-सहा जण झाडावरची संत्री काढत होते. एक जण शिडीवर, एकाच्या हातात लांब काठी, खाली मोठमोठी पोती. फळं धपाधप पडत होती, काही फुटत होती, फुटलेल्यांचा वास चौकभर. दोन पोरं सायकलीवरून मुद्दाम फळांवरून चाक घालत होती.

"तोड चालू हाये," बाबा म्हणाले.

आणि मग ते चालू लागले, सरळ त्या झाडाकडे, जसे घरी चालतात, हात मागे बांधून. चार दिवसांत ते पहिल्यांदा आमच्या पुढे होते. मी आणि आई मागे.

त्यांनी आधी माणसांकडे बघितलंच नाही. झाडापाशी जाऊन वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि बुंधा बघू लागले. जमिनीलगत, जिथे साल मातीला टेकते तिथे. बोटाने खरवडलं. सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. मला माहीत होतं ते काय शोधत होते. डिंक्या. आमच्या बगीच्यांचा मोठा काळ. बुंध्याची साल आतून कुजते, डिंक ओघळतो, दोन-तीन वर्षांत झाड शेंड्याकडून वाळत येतं. दर पावसाळ्याच्या तोंडाला बाबा बुंध्यांना बोर्डो मलम फासतात, रांगेने पांढऱ्या निळसर मोज्यांतली झाडं उभी. इथे बुंधे उघडे, काळपट, कोरडे.

दुसरं झाड बघितलं. तिसरं. मग एक पान तोडलं, चुरगाळून हुंगलं, आणि देठ माझ्या डोळ्यांसमोर धरला. पानाच्या खाली, देठालाच जोडलेलं आणखी एक लहान पान असावं असा रुंद पंख होता. "आपल्या संत्र्याले एवढा नसते. हे खुंटाचं झाड हाये. जंभेरीच्या जातीतलं, पन जंभेरी नाई." खुंट म्हणजे ज्याच्यावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरून कलम बांधतात ते खालचं झाड; आमच्याकडे ते जंभेरीचं असतं.

शिडीवरचा माणूस एव्हाना आमच्याकडे बघत होता. पन्नाशीचा, दाढीची खुंटं पांढरी. तो खाली उतरला, बाबांच्या मागे गेला आणि त्यांच्या पाठीवरून काहीतरी ओढून काढलं. कागदाची पांढरी बाहुली, कातरून केलेली, चिकटपट्टीने लावलेली. ते सगळे हसायला लागले. "इनोसेंते! इनोसेंते!" सायकलवाली पोरं लांब उभी राहून पोट धरून हसत होती. २८ डिसेंबरला इथे आपल्या एप्रिल फूलसारखी एकमेकांची मजा करतात आणि पाठीला कागदाची बाहुली चिकटवणं ही त्यातली जुनी खोडी, हे मी फोनवर शोधून सांगेपर्यंत बाबांनी ती बाहुली घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलीही होती. आईला ते हसणं आवडलं नाही. बाबांना काहीच वाटलं नाही. त्यांनी शिडीकडे बोट केलं, मग फळाकडे, मग हाताच्या दोन बोटांची कात्री करून दाखवली. कापा. ओढू नका.

तो माणूस खांदे उडवून काहीतरी बोलला. शब्द मला कळले नाहीत, अर्थ कळला. हे खायचं थोडंच आहे.

"देठापासी साल फाटते," बाबा त्याला मराठीत म्हणाले. "मंग सडते." खरं सांगायचं तर आमच्याकडेही व्यापाऱ्याची माणसं ओढूनच तोडतात आणि बाबा दरवर्षी त्यांना हेच वाक्य ऐकवतात.

मग तो क्षण आला, ज्याचा फोटो माझ्याकडे नाही. बाबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नारिंग." पुन्हा छातीवर, मग हात लांब, पूर्वेकडे की कुठे कोण जाणे. "नारिंग. इंडिया." त्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, मग एकदम सोडल्या. "नारांखा?" "हो, नारिंग." "नारांखा." असं तीन-चार वेळा झालं. आईसुद्धा एकदा म्हणाली. मी बरणी काढून दाखवणार होतो, बरं झालं दाखवली नाही.

त्या माणसाने पोत्यातलं एक बरं फळ निवडून, जाकिटाला पुसून बाबांना दिलं, आणि तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. "अमार्गा." कडू. इथले लोक हे फळ झाडावरून तोडून खात नाहीत, चार दिवसांत एकालाही खाताना पाहिलं नव्हतं. यातली काही विलायतेला मुरंब्यासाठी जातात, बरीच खतात जातात. २०२१ मध्ये तर शहराच्या पाणीपुरवठा कंपनीने पस्तीस टन संत्र्यांचा रस आंबवून, त्यातल्या वायूवर वीज करून सांडपाण्याच्या केंद्रात वापरायचा प्रयोग केला. हे बाबांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा या गावावर खूश झाले. "म्हंजे इथं संत्र्यावर मोटर चालते. अन् आपल्याइकडे मोटरीसाठी रात्री बाराची लाइन."

त्यांनी फळ सोलायला घेतलं. नागपुरी संत्र्याची साल म्हणजे ढगळ सदरा, अंगठा घातला की उतरते. ही साल जाड, खडबडीत, फोडींना घट्ट धरून बसलेली. तुकड्या-तुकड्याने निघाली. मधोमध पोकळी. फोडी लहान, कोरड्या वाटणाऱ्या, पण चिरली तर रस भरपूर. बाबांनी एक फोड पूर्ण तोंडात टाकली. तो माणूस, त्याचे सोबती, सायकलवाली पोरं, आई, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी चावली. डोळे मिटले, उघडले. गिळली. मग दुसरी फोड.

"कसं हाये?" आईने विचारलं.

"आंबट आधी येते. कडू मागून."

सगळं फळ खाल्लं त्यांनी. थुंकले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. बिया तळहातावर जमा करत गेले. शेवटी सदऱ्याला हात पुसून बिया मोजल्या. एकवीस. त्या माणसाने बाबांच्या खांद्यावर थाप मारली, आणि शिडीवर चढला.

आम्ही चौकातल्या बाकावर बसलो. अकरा-साडेअकराचं ऊन, डिसेंबरात आमच्या वरुडला पडतं तसंच. बिया बाबांच्या मुठीत.

"घरी न्याव म्हंतो," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा त्याने संत्र्या-लिंबांचं बी बरोबर नेलं होतं आणि त्याला विमानतळावर कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला विचारणार. परवान्याशिवाय बी आणता येत नाही, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत ते वर्षातून एक-दोनदा तरी जातात, पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारतात.

"पन टिकणार नाई हे," ते स्वतःशीच बोलत होते. "डिंक्याले हे खुंट भारी हाये, पायलं ना बुंधे? पन ट्रिस्टेझात बसते. याच्यावर आपला डोळा भरला तं झाड जाते."

तेवढ्यात बायको आणि लेक येऊन पोचल्या. ठरल्या वेळेच्या तासभर आधी, कारण पहिल्या ठिकाणची रांग बघून त्यांनी दुसरंही सोडून दिलं होतं. लेक दोन महिने फोनवर स्पॅनिश शिकतेय. तिने शेवटचे शब्द ऐकले.

"आजोबा, त्रिस्तेसा म्हणजे दुःख."

"काय?"

"स्पॅनिशमध्ये. त्रिस्तेसा. दुःख, उदासी. तुम्ही आत्ता म्हणालात ना?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मीही. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. बगीच्यात उभं राहून ऐकलाय, कृषी सहायकाच्या तोंडून, औषधाच्या दुकानात, आजोबांच्या तेराव्यालासुद्धा, कोणीतरी बाबांना कोपऱ्यात घेऊन विचारत होतं की ट्रिस्टेझाच आहे का. मला वाटायचं एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव असेल. हा विषाणू मावा किडीतून पसरतो, झाड पानं गाळून आहे तिथे खंगतं. त्याचं हे नाव ब्राझीलच्या संत्रेवाल्यांकडून आलं, तिथे पोर्तुगीजमध्येही हाच शब्द. स्पेनलाही तो पुढे चांगलाच भोवला. कडू संत्र्याच्या खुंटावर बांधलेल्या इथल्या बागा १९५७ पासून त्याने लाखोंनी मारल्या आणि लोकांना खुंटच बदलावे लागले. हे मी नंतर गाडीत वाचलं. त्या बाकावर फक्त तो एक शब्द होता.

"दुःख," बाबा म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, म्या फॉर्मवर लिवलं हे नाव. पंचनाम्यात लिवलं." थोड्या वेळाने, "बरोबर नाव ठेवलं बाप्पा कोनं."

आई म्हणाली, दही खाऊन घ्या सगळे, उन्हात आंबट होऊन रायलं. चमचा एकच होता. तो फिरवत आम्ही पाच जणांनी चौकात बसून दही खाल्लं आणि बायकोने वही पर्समध्ये टाकली.

जेवायला गेलो तिथे जिरं आणि लसूण घातलेली पालक-छोल्यांची भाजी मिळाली. इथली खास आहे ती, प्रत्येक लहानमोठ्या खानावळीत असते आणि हॅमचा तुकडा कुठे लपलाय का हे न तपासता खाता येते. आईने दोन बश्या मागवल्या आणि उरलेला पाव रुमालात बांधून घेतला. त्रियानाच्या फरश्यांपैकी दोन मी अंगावरच्या जाकिटाच्या खिशांत घातल्या, बॅग बावीस किलो नऊशेवर आली. भांडण त्याच्याबरोबर मिटलं की आधीच मिटलं होतं, आठवत नाही.

सामान घ्यायला जाताना बाबा पुन्हा त्या चौकात शिरले. माणसं, गाडी, शिड्या काही नव्हतं. झाडं हिरवीगार, रिकामी, विटांवर पाणी मारून धुतलेलं. त्यांनी खिशातून मूठ काढली. ज्या झाडाचं फळ होतं त्याच्या आळ्यात उकिडवे बसले, तर्जनीने पेराएवढी भोकं केली, दर भोकात एक-एक बी टाकून अंगठ्याने माती दाबली. पाच-सहा बिया लावल्या असतील, उरलेल्या तशाच पसरल्या. उठताना त्यांना माझा हात लागला.

"उपटून टाकतीन," मी म्हणालो. नगरपालिकेचा माळी पहिल्याच फेरीत काढणार, हे उघड होतं.

"टाकतीन ना," ते म्हणाले. "तन समजून."

सांता हुस्ता स्टेशनवर आम्ही फार लवकर पोचलो. माद्रिदला जाणारी वेगवान गाडी इथूनच सुटते, १९९२ च्या प्रदर्शनाच्या वर्षी सुरू झालेली ही या देशातली पहिली, अडीच तासांत नेते. फलाटावर सोडायला वेळ होता. लेक बॅगेला टेकून झोपली. आई मुरंब्याची बरणी साडीच्या घडीत, साडी स्वेटरमध्ये, स्वेटर पिशवीत अशी गुंडाळत होती. बाबांनी माझ्याकडे फोन मागितला. घड्याळात साडेचार, म्हणजे वरुडला रात्रीचे नऊ. सालदार जेवून बसला असेल.

फोन त्यांनी नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला. हा फोन सातासमुद्रापारचा आहे याची खात्री असल्यासारखे मोठ्याने बोलत होते आणि बाकावरची एक बाई हळूच सरकून बसली.

"पाणी तं नाई सोडलं ना?"

"नाई मालक."

"पानं?"

"उत्तरंकडच्या चार वळी पिवळ्या पडून रायल्या."

"पडू दे. काई करू नको. वखर नको, पाणी नको. म्या पाच तारखेले येतो, मंग पाहू."

"बरं." पलीकडे कुत्रं भुंकलं, आमचंच असावं. "मालक, तिकडे संत्री हायेत म्हंते?"

"हायेत ना. रस्त्यानं हायेत. जिकडे पाय तिकडे."

"कसे हायेत?"

बाबा जरा थांबले. खिसा चाचपला, त्यातून कागदाची बाहुली निघाली, ती पुन्हा आत ठेवली.

"कडू," ते म्हणाले. "पन डिंक नाई बाप्पा एकाही झाडाले."